कोबीवरचा दगड

त्या हिवाळ्यात गेनोवेफाचा कोबी आंबला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय आभाळ कोसळलं. पण आमच्या ओल्शानिक गावात बाईची पत तिच्या तळघरातल्या पिंपावरून ठरते. घर कसंही असो, नवरा कसाही असो, कोबी कसा आहे ते आधी विचारतात. आणि गेनोवेफाचा कोबी म्हणजे काय सांगावं. लग्न असो, बारसं असो, नाहीतर मयताहून परतलेल्यांचं जेवण असो, तिच्या घरून बादलीभर कोबी गेल्याशिवाय ताट पुरं व्हायचं नाही. दाताखाली करकर वाजणारा, डोळे मिटायला लावणारा, आणि वसंत सरत आला तरी मऊ न पडणारा. उपासाच्या दिवसांत पाद्रीबाबा तिच्या फाटकापाशी मुद्दाम रेंगाळतात असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या वर्षी सुरुवात तर दणक्यात झाली. कोबी चिरून, मीठ चोळून, पिंपात तुडवून, वर फळी आणि फळीवर दगड ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी असा फेस वर आला की बाई खूश. मग फेस बसला. नाताळच्या आधी तिने चिमूटभर तोंडात टाकला, तर आंबट नाही, गोड नाही, साबणाच्या पाण्यातून काढल्यासारखा बेचव. तिने पिंप चुलीच्या जवळ आणलं, परत तळघरात नेलं, जिरं टाकलं, सफरचंदाच्या फोडी टाकल्या, मागच्या वर्षीचं वाटीभर आंबट पाणी नणंदेकडून मागून आणून ओतलं. कोबी ढिम्म.

ही नणंद म्हणजे चेस्वावा. कुंपणापलीकडे राहायची आणि कुंपणावर बसल्यासारखी वागायची. आंबट पाणी देताना तिने तोंड सोडलंच. "वहिनी, आई म्हणायची ते आठवतं ना? ज्या घरात चोरीची वस्तू असते, त्या घरात कोबी आंबत नाही."

गेनोवेफाला ते फार लागलं. नवरा जाऊन वर्षं झालेली, मुलगा आयर्लंडात भिंतींना गिलावा करतोय, एकटी बाई, पण आयुष्यात कुणाची सुई उचलली नाही. युद्धानंतर लोकांनी काय काय उचललं ते सगळ्या गावाला माहीत आहे. कुणाच्या घरातलं कपाट कुठून आलं, कुणाच्या गाद्यांत कुणाची पिसं आहेत, हे आमच्याकडे बोलत नाहीत, पण विसरलेलंही नाही. गेनोवेफाच्या घरात तसलं काही नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता. तिने नणंदेशी कितीतरी दिवस अबोला धरला.

आता तिच्या कामाचं सांगायला हवं, कारण कोबी बिघडला तो त्या कामापायी.

गेनोवेफाच्या घरामागून जंगलाची वाट सुरू होते, आणि वाटेच्या टोकाला झाडांमध्ये एक लांबट उंचवटा आहे. सन बेचाळीसच्या उन्हाळ्यात जर्मनांनी आमच्या गावातले सगळे ज्यू तिथे नेले आणि तिथेच मारून पुरले. अर्धं गाव होतं ते. गेनोवेफा तेव्हा तीन वर्षांची. तिला एवढंच आठवतं की आईने तिला तळघरात कोबीच्या पिंपाशेजारी बसवलं होतं आणि स्वतः पायरीवर बसून देवाचं गाणं मोठमोठ्याने म्हणत होती, इतक्या मोठ्याने की पोरीने कान झाकून घेतले. आईने का बसवलं, का गायलं, हे तिने पुढे कधी विचारलं नाही. त्या बाजूच्या जंगलात अळंबी काढायला जायचं नाही एवढं आईने सांगितलं, आणि तिने ते पाळलं.

पुढे राज्य बदललं, परदेशातून लोक यायला लागले, उंचवट्याभोवती कुंपण झालं, काळी शिळा बसली. लुब्लिनच्या शाळेतली पोरं येऊ लागली, आणि निळी-पांढरी निशाणं खांद्यावर घेतलेली इस्राएलची पोरंही. ती जागा स्वच्छ ठेवायला पंचायतीने कुणीतरी बघायला सुरुवात केली. गेनोवेफा आपणहून पुढे झाली. पगार म्हणजे नावालाच होता. पण मेलेल्यांची जागा घाण राहू द्यायची नसते, मग ते मेलेले कुणाचे का असेनात, असं तिचं म्हणणं. आणि तिने ती जागा अशी राखली की गावच्या कब्रस्तानातल्या पुढाऱ्यांच्या कबरींना लाज वाटावी. पानं झाडायची, शेवाळ खरवडायची, शिळा गरम पाण्याने आणि सोड्याने घासायची. नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, आपल्या नवऱ्याच्या कबरीवर दोन शेवंत्या ठेवल्या की तिसरी ती इथे आणायची, आणि काचेतला दिवा लावायची. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकाच गोष्टीचा तिला त्रास होता, तो म्हणजे दगडांचा. बस येऊन गेली की शिळेवर दगड पडलेले असायचे. गोटे, खडे, कपच्या, काही काळे, काही लाल, काहींवर पेनाने गिरगोट्या. पोरांना वळण नाही, एवढ्या पवित्र जागी येऊन दगड मांडून खेळतात, असं ती म्हणायची. आमच्याकडे कबरीवर पान पडलं तरी घरच्या बाईला नावं ठेवतात. दगड राहिला तर काय बोलतील? तेव्हा बस गेली की गेनोवेफा झाडू आणि बादली घेऊन निघायची. माणसं तिथे असताना मात्र ती कधी जायची नाही. लोक रडत असतील, प्रार्थना करत असतील, आपण झाडू घेऊन मध्ये कशाला उभं राहा, हा तिचा सभ्यपणा. त्या सभ्यपणाने घात केला, दुसरं काय.

बादलीतले दगड तरी वाया कशाला घालवायचे? रस्ता तिच्या घराशी संपतो, तिथे बस वळते, आणि बर्फ वितळला की तिथे असा चिखल व्हायचा की एकदा शाळेची बस ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली होती. गेनोवेफा ते दगड तिथे नेऊन ओतायची आणि फावड्याने ठोकून बसवायची. वर्षानुवर्षं ओतले. हळूहळू तिथली जमीन अशी पक्की झाली की बस झोकात वळायला लागली, आणि पंचायतीच्या माणसांनी येऊन शाबासकी दिली.

मग ती शरद ऋतूतली बस आली. त्या बसमधून एक म्हातारा उतरताना तिने खिडकीतून पाहिला. बाकी सगळी पोरं, आणि हा एकटाच म्हातारा, टोपी घातलेला, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. पिशवी जड होती, दोन पोरं मदतीला धावली, त्याने दिली नाही. गेनोवेफाला तो चेहरा का कोण जाणे आपल्यातला वाटला. चालणंही इकडचंच, टाच घासत. बाहेर जाऊन चहा विचारावा असं तिच्या मनात आलं. पण ओळख ना पाळख, आणि बसच्या दाराशी कानात तार घातलेला रखवालदार. ती खिडकीतच राहिली.

बस गेल्यावर ती वर गेली, तर शिळेच्या मधोमध एक मोठा दगड. पावाच्या अर्ध्या लादीएवढा, पिवळसर, बुडाला सपाट, वर गोल, जणू मापाने घडवलेला. तिने तो उचलून तोलून पाहिला. खालच्या बाजूला काही ओरखडे होते, खिळ्याने काढल्यासारखे, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला आठवला तो तिचा आईच्या वेळचा कोबीवरचा दगड, जो मागच्या थंडीत अंगणात राहून तडकला होता. आठवडाभर ती शेतांच्या बांधावर तसा दगड शोधत होती. आणि कोबी तर दुसऱ्या दिवशीच चिरायचा होता. तिने दगड बादलीत न टाकता एप्रनमध्ये गुंडाळला, घरी नेला, उकळत्या पाण्याने तीनदा धुतला आणि फळीवर ठेवला. फळीवर तो असा बसला की ती स्वतःशीच म्हणाली, देवाने पाठवला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, आणि ईस्टरनंतर लुब्लिनचे वोयदा सर तिच्या दारात आले. इतिहासाचे मास्तर, उंच, वाकलेले, दर वसंतात आपल्या वर्गाला घेऊन येणारे. त्यांच्या डोक्यात नवीन कल्पना होती. म्हणाले, इस्राएलची पोरं येतात, शिळेपाशी तासभर थांबतात, आणि आमच्या माणसाशी एक शब्द न बोलता बसमध्ये बसतात. त्यांना वाटत असेल इथे माणसंच राहत नाहीत. यंदा दोन्हीकडच्या पोरांना एका टेबलावर बसवून जेवू घालू, आगीच्या बंबखान्यात. मांस नको, फक्त काळा पाव, बटाटे आणि गेनोवेफाबाईंचा कोबी.

गेनोवेफाने सांगायला हवं होतं की यंदा कोबी बिघडलाय. पण मास्तर स्वतः दारात येऊन मागतोय, सगळं गाव बघतंय, आणि चेस्वावा कुंपणाशी कान लावून उभी. ती हो म्हणाली. मग आदल्या दिवशी तिने कोबीत व्हिनेगर घातलं, कांदा घातला, गाजर किसून घातलं. आयुष्यात पहिल्यांदा बाजारच्या व्हिनेगरने कोबी आंबट केला, आणि बाटली कुणाला दिसू नये म्हणून राखेत पुरली. तेव्हा तिला वाटलं होतं, याहून मोठी लाज ती काय असणार.

बंबखान्यात बंब बाहेर काढून लांब टेबलं मांडली होती. आमची पोरं एका बाजूला, ती पोरं दुसऱ्या बाजूला, मध्ये पावाच्या टोपल्या, आणि कुणी कुणाकडे बघेना. लग्नात दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा भेटतात तसं. गेनोवेफा वाढत फिरत होती. एका पोराने कोबी खाऊन तोंड असं वाकडं केलं की समोरची मुलगी हसली, मग तो हसला, आणि मग आवाज सुरू झाला.

टोकाला बसलेल्या एका मुलीने मात्र दुसऱ्यांदा कोबी मागितला, आणि तोही आमच्या भाषेत. सतरा-अठराची असेल, कुरळे केस, एफ्रात नाव. पोलिश बोलली ती पण कसली, तर आमच्या आज्या बोलायच्या तशी, आता कुणी वापरत नाही असे शब्द घालून. गेनोवेफाने हातातला डाव खाली ठेवला. मुलगी सांगायला लागली. तिचे आजोबा इथले, लेब नावाचे. त्यांनीच तिला भाषा शिकवली. तिकडे घराच्या गच्चीत ते बादलीत कोबी आंबवायचे आणि आजी वासाने ओरडायची.

"पण त्यांचा आंबट असायचा," एफ्रात म्हणाली. "हा वेगळाच आहे."

यंदा बिघडला, गेनोवेफा पुटपुटली. तेवढ्यात वोयदा सर ग्लासवर चमचा वाजवत उभे राहिले. म्हणाले, तुम्ही आता ज्या जागी जाणार आहात ती जागा आज जंगलाने गिळली असती, ही बाई नसती तर. ती तुमच्यातली नाही, तिला कुणी सांगितलं नाही, पण आपल्या माणसांच्या कबरी राखाव्यात तशी तिने तुमच्या माणसांची राखली. दोन्ही बाजूंच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या चेस्वावानेही वाजवल्या. गेनोवेफा लाजून एप्रनला हात पुसत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

टाळ्या थांबल्यावर एफ्रातने तिचा हात धरला.

"मग तुम्हीच आहात ती. आजी, तुम्ही आजोबांचा दगड पाहिला असेल ना? शरदात आले होते ते. आमच्या अंगणातला दगड घेऊन आले होते, पिवळा, एवढा मोठा. खाली तिघी बहिणींची नावं कोरलीत, खिळ्याने, स्वतः. फेब्रुवारीत आजोबा गेले. जाताना मला म्हणाले, तुझा दगड माझ्या दगडाला टेकवून ठेव." तिने खिशातून एक लहान पिवळा खडा काढून दाखवला.

गेनोवेफाला कळेना. तिने विचारलं, दगड कशाला. मुलीला वाटलं आपली भाषा चुकतेय, म्हणून तिने सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आमच्यात कबरीवर फुलं नाही ठेवत. दगड ठेवतात. मी येऊन गेले, तुला विसरले नाही, एवढं सांगायला.

"सगळेच ठेवतात?" गेनोवेफाने विचारलं.

"येतो तो प्रत्येक जण."

गेनोवेफाने टेबलाची कड धरली. तेव्हाच सांगता आलं असतं. जवळ फक्त ती मुलगी आणि वोयदा सर, दोन वाक्यांचं काम. पण टाळ्या अजून कानात होत्या, आणि दारात चेस्वावा. ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागली. वोयदा सरांना वाटलं, बाई आठवतेय. त्यांनी आपल्या भल्या स्वभावाने तिला वाट करून दिली. म्हणाले, जंगल आहे, बर्फ पडतो, जनावरं फिरतात, दगड हलला असेल कुठे.

"रानडुकरं फार माजलीत," गेनोवेफा म्हणाली.

मुलीने मान डोलावली, आणि म्हणाली, मग शोधू या, तुम्हीही चला.

एवढ्या वर्षांत गेनोवेफा पहिल्यांदाच माणसांबरोबर त्या वाटेने वर गेली. शिळा लखलखत होती. आदल्याच दिवशी तिने घासली होती. पोरं गोल उभी राहिली, कुणीतरी त्यांच्या भाषेत वाचलं, कुणीतरी गायलं. मग एकेक जण पुढे आला, वाकला आणि शिळेवर दगड ठेवून मागे सरला. कुणी ठेवताना ओठ हलवत होतं, कुणी दगड ठेवून त्यावर हात तसाच ठेवत होतं. आमच्या लुब्लिनच्या पोरांनी ते पाहिलं, वाटेवरचे खडे उचलले आणि तीही रांगेत लागली. गेनोवेफा आज खिडकीत नव्हती, समोर होती, आणि तिला सगळं दिसत होतं. जे ती बादलीत लोटायची ते हे होतं.

मग शोध सुरू झाला. एफ्रातने सांगितलं असणार, कारण दोन्हीकडची पोरं गुडघ्यांवर बसून पानांत हात घालायला लागली. कुंपणाच्या कडेने, झाडांच्या मुळांशी, रानडुकरांनी उकरलेलं कुठे दिसतंय का बघत. वोयदा सरही वाकून काठीने पानं उलटत होते. कुणाला पिवळट काही दिसलं की तो हाक मारायचा, एफ्रात धावायची, आणि मान हलवून परत यायची. तिचे गुडघे ओल्या मातीने काळे झाले होते. आणि ज्या बाईला ठाऊक होतं ती हात बांधून उभी, आपल्याच तोंडून निघालेल्या डुकरांना शोधणाऱ्या पोरांकडे बघत. लाजेने माणूस मरत नाही, हेच खरं. मरत असता तर ती तिथेच मेली असती.

ती कुणाला न सांगता वळली आणि घरी गेली. जिना उतरून तळघरात, पिंपाशी. बाही वर न करता तिने हात घातला, फळीवरचा दगड चाचपला, आणि हाताला लागला तो दगड तिने ठेवलेला नव्हताच जणू. लहान झाला होता; हिवाळाभर ती अंधारात फळीसकटच तो उचलायची, नीट कधी पाहिला नव्हता. बोटं आत जातील अशी भोकं पडलेली, कडा खाल्लेल्या. उजेडात नेऊन तिने तो उलटा केला. खालची बाजू पाण्याने झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी होती. ओरखडा एकही नव्हता.

तेव्हा तिला आईचं सांगणं आठवलं, जे तिने शंभरदा ऐकलं होतं आणि इतरांनाही सांगितलं होतं. कोबीवर काळा शेतातला दगड ठेवावा. चुनखडीचा ठेवला तर दगड आंबट खातो आणि आंबट दगडाला खातं. दगड पिवळा होता, घट्ट होता, आपल्या मुलखातला नव्हता, म्हणून तिला ओळखू आला नाही. हिवाळाभर तो तिच्या पिंपात विरघळत राहिला. त्या म्हाताऱ्याच्या अंगणाचा तुकडा आणि त्याच्या बहिणींची नावं त्या पाण्यात उतरली, आणि तो कोबी आज बंबखान्यात तिने आपल्या हाताने वाढला. त्याच्या नातीने दोनदा मागून घेतला.

तळघराशेजारी विहीर आहे. दगड विहिरीत टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. रानडुकरांच्या नावावर सगळं खपलं असतं, आणि पुढच्या वसंतात पुन्हा टाळ्या. ती विहिरीपाशी थांबली, हे तिने स्वतःच नंतर चेस्वावाला सांगितलं, नाहीतर आम्हाला कुठून कळणार. थांबली, आणि मग एप्रनमध्ये दगड घेऊन रस्त्याकडे गेली.

पोरं शोध सोडून खाली आली होती. बस वळायच्या जागी उभी होती, इंजिन सुरू, आणि पोरं एकमेकांचे पत्ते लिहून घेत होती. एफ्रात दाराशी होती, वोयदा सर तिची समजूत घालत होते. गेनोवेफा गर्दीतून गेली आणि एप्रन उघडून धरला. त्यातून आंबूस पाणी ठिबकत होतं.

"माझ्याकडे होता," ती म्हणाली. "कोबीवर ठेवला होता मी. मला वाटलं पोरं खेळतात. डुकरं वगैरे काही नाही. मी खोटं बोलले."

एफ्रातने दगड घेतला. आधी तिला पटेना, हा लहान आहे, हा तो नाही असं ती म्हणाली. मग तिने तो उलटा केला, अंगठा त्या गुळगुळीत बाजूवरून फिरवला, पुन्हा फिरवला, नाकाशी नेला. ती काय समजली ते तिच्या तोंडावर दिसलं. तिने ओठ पुसले. वोयदा सरांनी एकदा दगडाकडे, एकदा गेनोवेफाकडे पाहिलं, आणि त्यांच्या कानांपर्यंत लाली चढली. ते हळूच म्हणाले की शिळेवर कधीच एकही दगड नसतो हे मी इतकी वर्षं बघत होतो, आणि किती स्वच्छ ठेवलंय असंच म्हणत होतो. कुंपणाशी उभ्या चेस्वावाला चोरीच्या वस्तूचं आठवलं असणार.

मुलगी रागावली असती, ओरडली असती, तर गेनोवेफाला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. दगड दोन्ही हातांत धरून उभी राहिली, आणि मग तिच्या मनात ते आलं.

"आजी, मग बाकीचे? इतक्या वर्षांत आलेल्या सगळ्यांचे?"

गेनोवेफाने मान खाली घातली, आणि मुलीने ती कुठे बघतेय ते पाहिलं. बसच्या चाकांखाली, पोरांच्या बुटांखाली, तिच्या स्वतःच्या पायांखाली, चिखलात फावड्याने ठोकून बसवलेले गोटे होते. काळे, लाल, पिवळे. एकावर पेनाच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या.

एफ्रातने एक पाय उचलला. मग तो कुठे टेकवावा ते तिला कळेना, तशीच एका पायावर ती बसच्या दाराला धरून उभी राहिली. कुणीतरी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. पोरं एकेक करून खाली बघायला लागली. कुणी गवतावर सरकलं, कुणी तिथेच उकिडवं बसून नखांनी माती उकरायला लागलं. गेनोवेफाही गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरू लागली. पण पंचायतीनेही तिथे एकदा ट्रकभर खडी टाकली होती, आणि त्या खडीत हे दगड असे मिसळून गेले होते की वेगळं काय आणि कसं करणार.

एफ्रातने चिखलातून एक गोटा उपसला, बोटांनी पुसला आणि गेनोवेफासमोर धरला.

"आजी, हा आमच्यातला का?"

गेनोवेफाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आयुष्यभर ती त्या जंगलाच्या तोंडाशी राहिली होती.

"मला नाही ठाऊक, बाळा," ती म्हणाली.